तेरा पाने आणि नाल

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण दिवाळीचा पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे तिसरे नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांच्या खेळात हरवले अशी कथा आहे आणि त्या आठवणीने एखादा डाव मांडावा असा जुना संकेत आहे. ज्या परंपरेने ऋग्वेदात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे सूक्त जपून ठेवले, ज्या परंपरेने महाभारताचा संहार एका द्यूतसभेपासून सुरू केला, तिनेच वर्षातला एक दिवस खेळासाठी मोकळा ठेवला. एकच दिवस, तोही घरात, नात्यातल्या माणसांसोबत. खेळाला मुभा देताना घातलेल्या या अटी मला नेहमीच विचार करण्यासारख्या वाटत आल्या आहेत.

या लेखाचा विषय आहे रमी. पत्त्यांच्या या खेळाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मेक्सिकोपासून आपल्या मोबाइलपर्यंत प्रवास केला, आणि गेल्या दहाएक वर्षांत त्याच्याइतका दुसरा कोणताही बैठा खेळ आपल्याकडे फोफावला नाही. तो का फोफावला, त्याच्याबद्दल न्यायालयांनी काय म्हटले आणि आपण त्यातले किती ऐकले, हे मला मांडायचे आहे.

मी वालीवला राहतो. वसई रोड स्टेशन आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्या मधल्या या पट्ट्यात एके काळी भातखाचरे होती. आता औद्योगिक वसाहती आहेत, गाळ्यांच्या रांगा आहेत. प्लास्टिकचे साचेकाम, पुठ्ठ्याची खोकी, यंत्रांचे सुटे भाग असे काय काय इथे बनते. अशाच एका गाळ्यात मी बरीच वर्षे हिशेब लिहितो. पगारपत्रक आणि उचलीची वही माझ्याकडे असते. त्यामुळे माणसाच्या हातात पैसा कधी येतो आणि कधी जातो, हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळते. रमीकडे मी वळलो तो या वहीमुळे.

हुकुमाचे खेळ

रमी येण्याआधी आपल्याकडे पत्ते नव्हते असे मुळीच नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठवले, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचे तपशीलवार वर्णन केले आहे. महाराष्ट्रात या खेळाचे ठळक घर म्हणजे सावंतवाडी. तिथल्या दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. अशी एकूण १२० गोल पाने असतात. हाताने रंगवायची, वर लाखेचे रोगण चढवायचे. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या रंगाला पहिला मान, रात्री मांडला तर कृष्णाच्या. ही कला मरणाच्या दारात असताना, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली.

बावन्न पानांचा जोड आपल्याकडे युरोपियनांच्या जहाजांतून आला. तसा तोही मूळचा पूर्वेचाच. पत्ते चीनमध्ये जन्मले, पश्चिम आशियातून इजिप्तपर्यंत गेले आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात दिसू लागले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातला जो पत्त्यांचा जोड आहे, त्याची रचनाही चार रंग आणि बावन्न पाने अशीच आहे. पोर्तुगीज जिथे गेले तिथे पत्ते घेऊन गेले. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज शब्दच आहे. आमच्या वसईवर त्याच पोर्तुगिजांचा अंमल १५३४पासून, १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत, दोनशे वर्षे होता.

नव्या पानांना मराठीने आपल्या पद्धतीने नावे दिली. लाल पान बदामासारखे दिसले म्हणून बदाम, दुसरे चौकटीसारखे म्हणून चौकट. इस्पिक आणि किलवर मात्र परकेपणाची खूण ठेवून राहिले. किलवर उच्चारताना डचांचा ‘क्लावर’ कानाला लगेच ओळखू येतो. जोड नवा आला तरी खेळण्याची रीत जुनीच राहिली. एकाने उतारी करायची, बाकीच्यांनी त्याच रंगाचे पान द्यायचे, मोठ्या पानाने हात न्यायचा. गंजिफाची ही रीत आपल्या घराघरांतल्या खेळांत टिकली. मेंढीकोट हा त्यांतला सर्वांत लाडका. चौघे खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, चार दश्शींसाठी लढाई. चारही दश्शी आपल्याकडे आल्या की समोरच्यांवर कोट. गणपतीच्या जागरणाला, आमच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री, विरार लोकलमध्ये मांडीवर आडव्या धरलेल्या ब्रीफकेसवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

जुळवणीचा खेळ

रमी या कुळातली नाही. तिच्यात उतारी नाही, हुकूम नाही, हात नाही. तिचा मूळ विचार जुळवणीचा: एक पान उचला, एक पान टाका आणि हातातल्या पानांचे गट बांधा. चिनी माजाँगमध्येही हेच तत्त्व आहे. पत्त्यांमध्ये या तत्त्वाचा जुना ज्ञात खेळ म्हणजे मेक्सिकोतला कोन्कियान, एकोणिसाव्या शतकातला. तो अमेरिकेत सरकला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे रमी या नावाने अनेक फाटे फुटले. न्यूयॉर्कच्या एल्वूड बेकरने १९०९मध्ये जिन रमी बसवली. उरुग्वेच्या मोंतेव्हिदेओ शहरात १९३९मध्ये कॅनास्टा तयार झाला आणि पुढच्या दशकात त्याने अमेरिकेला वेड लावले.

आपल्याकडे रमी क्लब-जिमखान्यांतून रुळली आणि इथे तिने स्वतःचे रूप घेतले. दोन जोड आणि दोन जोकर मिळून १०६ पाने, प्रत्येकाला तेरा. किमान दोन सिक्वेन्स लागतात, त्यांतली एक जोकर न वापरता बनलेली. शिवाय वाटून झाल्यावर एक पान उलटायचे आणि त्या क्रमांकाची सगळी पाने त्या डावापुरती जोकर मानायची. तेराऐवजी एकवीस पानांची रमीही आहे. तीत उलटलेले पान टिपलू, त्याच्या वरचे पपलू आणि खालचे निचलू. तिन्ही एका हातात आली की त्याला मॅरेज म्हणतात. असले शब्द ज्या खेळाला चिकटतात, तो लोकांनी आपलासा केलेला असतो.

या खेळात डोके लागते का? लागते. साधे उदाहरण घेऊ. हातात बदामाची छक्की आणि सत्ती आहे. सिक्वेन्स पुरी करायला पंजी चालेल किंवा अठ्ठी. दोन जोडांत अशी चार पाने आहेत. आता समजा हातात छक्की आणि अठ्ठी आहे. मग फक्त सत्ती हवी, आणि सत्त्या दोनच. म्हणजे टोकाच्या पानाची वाट पाहणारा मधल्या पानाची वाट पाहणाऱ्यापेक्षा दुप्पट शहाणा. समोरच्याने काल्पनिक नव्हे, खरोखर कोणते पान उचलले आणि कोणते टाकले, हे लक्षात ठेवून आपण काय टाकायचे ते ठरवणे, राजा-राणी हातात किती वेळ बाळगायची याचा अंदाज बांधणे, पाने वाईट आली तर वेळेवर डाव सोडणे, या सगळ्याला सराव लागतो. पण पहिली तेरा पाने कोणती येणार हे नशीब ठरवते. दोन्ही खरे आहे. या दोन सत्यांच्या मधल्या फटीत पुढची साठ वर्षे वकील उभे राहिले.

मेंढीकोट मागे का राहिला

रमीने मेंढीकोटाला मागे टाकले त्याची मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण भिडू. मेंढीकोट जोडीने खेळायचा असतो. भिडूने इस्पिकची दुर्री का टाकली हे तुम्हाला न सांगता कळले पाहिजे. ही समज एकत्र वाढलेल्या, रोज एका डब्यातून प्रवास करणाऱ्या माणसांत असते. वालीवच्या गाळ्यांत काम करणारी माणसे मात्र जौनपूर, दरभंगा, जळगाव, जव्हार अशी कुठून कुठून येतात, एका खोलीत पाच-सहा जण राहतात, सहा महिन्यांत गाळा बदलला की खोलीही बदलतात. अशा माणसांना भिडू न लागणारा खेळ सोयीचा. रमीत प्रत्येक जण एकटा असतो. दोघे असले तरी खेळ होतो, सहा असले तरी होतो. कोणी उठून गेला तर डाव मोडत नाही.

दुसरे कारण गुण, आणि तेच अधिक महत्त्वाचे. मेंढीकोटात हरणाऱ्यावर कोट चढतो. तो चेष्टेचा विषय होतो, दुसऱ्या दिवशी गाडीत त्याला ऐकून घ्यावे लागते. या अब्रूला किंमत लावता येत नाही. रमीत मात्र हरणाऱ्याच्या हातातली न जुळलेली पाने मोजतात. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा, बाकीच्यांचे जितका आकडा तितके, जोकरचे शून्य. जास्तीत जास्त ऐंशी. प्रत्येक डावाच्या शेवटी प्रत्येक माणसासमोर एक आकडा उभा राहतो. त्या आकड्याला पाच पैशांनी गुणा, रुपयाने गुणा, दहा रुपयांनी गुणा, लगेच देणे-घेणे तयार होते. पत्त्यांचे इतके खेळ असताना पैशाला इतका सहज चिकटणारा आणि तरीही बुद्धीचा म्हणवता येणारा खेळ हाच. पुढे व्यापाऱ्यांनी त्याला उचलले ते या गुणामुळे.

म्हणून रमी पैशाशिवाय क्वचितच खेळली गेली, हे मान्यच करायला हवे. आमच्या इमारतीच्या गच्चीवर गणपतीत जी रमी होते तिलाही पॉइंटमागे काही पैसे असतात. पण त्या बैठकीला न लिहिलेले नियम आहेत. जिंकणाऱ्याने मध्येच उठायचे नाही. ज्याचे हरणे वाढत चालले आहे त्याला दोन डाव बाहेर बसवायचे. चहा-भजी जिंकणाऱ्याच्या पैशांतून. रात्री ठरल्या वेळी कोणी तरी वडीलधारा ‘शेवटचा डाव’ म्हणाला की पत्ते गोळा. आणि सर्वांत मोठा नियम न बोललेला: ज्याचे पैसे तुम्ही जिंकलात तो सकाळी जिन्यात भेटणार आहे, त्याची बायको तुमच्या बायकोशी बोलणार आहे. माणूस हरतो किती, याला माणसांनीच घातलेली ही मर्यादा असते.

निकालाचा दुसरा अर्धा भाग

आमच्याकडे लागू असलेला मुंबई जुगार प्रतिबंध अधिनियम १८८७ सालचा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे त्यातच म्हटले आहे. कौशल्य म्हणजे किती कौशल्य, हा प्रश्न साहजिकच न्यायालयांत गेला. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा खटला निकाली निघाला. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते तो जुगार नव्हे, ही कसोटी त्यातून पक्की झाली.

रमीची पाळी त्यानंतर आली. मे १९६३मध्ये पोलिसांनी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर छापा घातला. काही मंडळी पैसे लावून रमी खेळत होती. क्लबच्या चिटणिसासह त्यांच्यावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. २२ नोव्हेंबर १९६७च्या या निकालाला आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण असे नाव आहे. न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्ला; नागपूरला शिकलेले, तिथेच वकिली केलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांनी म्हटले की तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, पण रमी तशी नाही. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात. काय ठेवावे, काय टाकावे याला बरेच कौशल्य लागते. वाटपात नशीब असते ते ब्रिजमध्येही असते. म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ.

निकालाचा हा भाग पुढे असंख्य वेळा उद्धृत झाला. क्लबांनी भिंतीवर लावला, कंपन्यांनी जाहिरातींत वापरला. पण त्याच निकालात लगेच पुढे आणखी एक गोष्ट आहे. ती अशी की, घराचा किंवा क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून स्वतः नफा काढत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे न्यायालयाने दोन प्रश्न विचारले होते. खेळ कौशल्याचा आहे का, हा पहिला. आणि या खेळावर कोण कमावते आहे, हा दुसरा. सिकंदराबादच्या प्रकरणात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लबच्या बाजूने गेले, म्हणून आरोपी सुटले. आपण मात्र पहिला प्रश्न लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या भाषेत जुना शब्द आहे: नाल. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून जो वाटा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. तो स्वतः खेळत नाही. कोण जिंकतो, कोण हरतो याच्याशी त्याला देणे-घेणे नसते. त्याचे हित एकाच गोष्टीत: डाव जितके जास्त, तितकी नाल जास्त.

नालीचा हिशेब

नाल काय करते हे हिशेबाने पाहू. समजा, पाच जण प्रत्येकी एक हजार रुपये घेऊन बसले. खोलीत एकूण पाच हजार. प्रत्येक डावाला प्रत्येकाचे शंभर, म्हणजे पाचशेचा डाव. घरच्या बैठकीत नाल नाही. शंभर डाव झाले तरी पाच हजार खोलीतच राहतात, फक्त या खिशातून त्या खिशात जातात. आता शेकडा दहा नाल लावा. प्रत्येक डावातून पन्नास रुपये बाहेर जाणार. शंभर डावांत पाच हजार. पाचही जण सारखेच हुशार असले, कोणी लबाडी केली नाही, तरीसुद्धा शंभराव्या डावाला खोलीत एक रुपया उरत नाही. एखादा फार कुशल असेल तर तो इतरांना लवकर संपवील आणि स्वतः काही घेऊन उठेल. त्याच्या कौशल्याने नालीत काहीही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. पत्ते पिसायचे, काटायचे, वाटायचे, लावायचे, गुण मोजायचे. माणसांमध्ये एका डावाला दहा मिनिटे धरा. शंभर डावांना हजार मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक. एवढे एका बैठकीत कोणी बसत नाही. झोप येते, गाडीचे स्टेशन येते, जेवायला हाक येते. फोनवर पिसणे-वाटणे क्षणात होते. तीन मिनिटांचा डाव धरला तर तेच शंभर डाव पाच तासांत. रात्रपाळीहून परतलेला माणूस अंथरुणावर पडून एका बैठकीत तेवढे खेळू शकतो. आणि एका टेबलावर माणसे संपली तर दुसरे टेबल तयारच असते.

२०१६नंतर ही सोय सर्वांच्या हाती आली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. २०२०च्या टाळेबंदीत लोक घरात अडकले, बैठका बंद पडल्या आणि अनेकांनी पहिल्यांदा फोनवर पत्ते धरले. नामवंत नट आणि क्रिकेटपटू जाहिरातीत दिसू लागले. खाली अगदी बारीक अक्षरांत आणि अतिवेगाने म्हटलेल्या वाक्यात धोक्याची सूचना असे. रमी लोकप्रिय होत होती हे खरे. पण खेळ पसरत असताना त्याच्याभोवतीची मर्यादा सुटत होती. गच्चीवरच्या बैठकीत जे जे माणसाला आवरत होते, भिडलेली नजर, वडीलधाऱ्याचा आवाज, सकाळचा जिना, त्यांतले काहीच फोनमध्ये आले नाही. आली ती फक्त नाल.

माझ्या वहीत ते वेगळ्या रूपात दिसले. पूर्वी उचल मागणारा कारण सांगत असे: आईचे आजारपण, मुलाची फी, खोलीचे भाडे. कारण खरे-खोटे असो, ते सांगायची रीत होती. मग अशी माणसे येऊ लागली जी कारण सांगत नव्हती, आकडा सांगत होती, आणि तोही महिन्याच्या दहा तारखेला. मशीनवरचा एक तरुण, जव्हारकडचा, हुशार. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे त्याने एका पावसाळ्यात घालवले. मी विचारले, “एवढे हरेपर्यंत थांबावंसं नाही वाटलं?” तो म्हणाला, “साहेब, रूमवर खेळताना समोरचा म्हणायचा, बस कर आता. यात कुणी म्हणालंच नाही. उलट हरलो की बोनस यायचा.” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “मी खेळतो चांगला, हां.” तो खोटे बोलत नव्हता. तो चांगलाच खेळत असणार. त्याच्यासारख्या माणसाला हेच सगळ्यांत कठीण जाते. खेळ नशिबाचा असता तर त्याने नशिबाला दोष देऊन सोडून दिला असता. कौशल्याचा खेळ आहे असे त्याला सांगितले होते, म्हणून प्रत्येक हारीनंतर त्याला वाटत राहिले की पुढच्या वेळी आपण अधिक नीट खेळू.

२०२५नंतर

काही राज्यांनी आधीच पावले उचलली होती. तेलंगणाने २०१७मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२०मध्ये पैशाच्या ऑनलाइन रमीवर बंदी घातली. १ ऑक्टोबर २०२३पासून अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला. शेवटी ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही, नुकसान सोसलेला मानतो. बंदीच्या घटनात्मकतेला कंपन्यांनी न्यायालयांत आव्हान दिले, पण तोवर मोठ्या कंपन्यांचे पैशांचे डाव थांबले होते.

या कायद्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येते. सरसकट बंदीने कौशल्याचा साठ वर्षांचा युक्तिवाद बाजूला पडला, हे कायदेपंडितांना खटकणार. परदेशातून चालणाऱ्या, नाव बदलत राहणाऱ्या ॲपना बंदी कशी पोचणार, हा प्रश्नही खराच. पण मला या कायद्यात एक गोष्ट पटते. शिक्षा कोणाला आणि कोणाला नाही, हे ठरवताना त्याने नकळत १९६७चा विसरलेला प्रश्न पुन्हा विचारला. बोट खेळणाऱ्याकडे दाखवले नाही, नाल घेणाऱ्याकडे दाखवले.

कायदा पुढे टिको वा बदलो, कोणत्याही डावाला बसण्याआधी आपण तीन गोष्टी विचारू शकतो. समोर कोण बसले आहे ते दिसते का? नाल कोण घेतो? आणि डाव थांबवायचा अधिकार खेळणाऱ्यांपैकी कोणाला आहे का? खेळ रमी आहे की तीन पत्ती, कौशल्य साठ टक्के की चाळीस, यापेक्षा ही तीन उत्तरे माणसाला अधिक वाचवतात. द्यूतप्रतिपदेला डाव मांडायला सांगणाऱ्यांनी घर, नाती आणि एक दिवस अशा अटी घातल्या, त्यांत या तिन्हींची उत्तरे आली आहेत. घरातले माणूस समोर असते, घरात कोणी नाल काढत नाही, आणि दिवस मावळला की पत्ते पेटीत जातात.

तो जव्हारचा तरुण अजून आमच्याकडे आहे. डिपॉझिटचे पैसे पुन्हा जमवतो आहे, दर महिन्याला थोडे, आणि त्याच्या सांगण्यावरून ते मी त्याच्या पगारातून आधीच बाजूला काढून ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत तो गाळ्यामागच्या शेडमध्ये बाकीच्यांबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यावर रमी खेळतो. अर्धा तास, भोंगा होईपर्यंत. हरणाऱ्याने सगळ्यांचा चहा पाजायचा. चांगला खेळतो.